विश्रामची फरी

माझ्या सायबर कॅफेत खुर्च्या पुष्कळ होत्या, पण सर कधी बसले नाहीत. एक नंबरच्या कॉम्प्युटरसमोर ते उभे राहून खेळत. मॉनिटर नजरेच्या रेषेत यावा म्हणून मी त्याच्याखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या रचल्या होत्या आणि कीबोर्डला एक पाट दिला होता. "खुर्चीत रेलून कोणी लढाई करतं का, ताई?" असं ते मला विचारत. उत्तर त्यांना नको असे.

सर आमचे घरमालक. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घराचा तळमजला मी कॅफेसाठी भाड्याने घेतला होता, वर ते आणि काकू राहत. रावपुऱ्यातल्या एका शाळेत पीटी शिकवण्यात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. रिटायर झाले तरी पांढरी पँट, खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी, हा वेष सुटला नव्हता. जिन्यावरून त्यांची पावलं ऐकू आली की कॅफेतली मुलं आपोआप ताठ बसत. नाही बसली तर दारातूनच आवाज येई, "पाठ!" एवढा एकच शब्द. इंटरनेटवर स्थळं बघायला आलेले एक गृहस्थसुद्धा एकदा त्या आवाजाने दचकून सरळ झाले होते.

मला व्यवस्थेची आवड आहे. कॅफे उघडला तेव्हा मी भिंतीवर नियमांची यादी लावली, काउंटरवर वेळांची यादी, आणि मागच्या खोलीत यूपीएस, जनरेटर, डिझेल यांची यादी. सरांना माझ्या याद्या फार पसंत होत्या. येताजाता वाचत आणि शुद्धलेखन सुधारत. माझं आणि त्यांचं सूत जमलं ते त्यामुळे. नाहीतर तसे ते तऱ्हेवाईक म्हणूनच गल्लीत प्रसिद्ध होते. भाजीवालीशी बोलताना ते तिला टोपली डोक्यावर कशी घ्यायची ते शिकवत, आणि सकाळी दूध आणायला जाताना रस्त्याच्या कडेने उलटे चालत, का तर पोटऱ्यांना बरं.

त्यांची भाषा हा वेगळाच विषय. घरात मराठी शुद्ध, अगदी जुन्या वळणाची. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, तेव्हापासून घरात जपलेली. पण मैदानावर अर्धी मुलं गुजराती, अर्धी मराठी. दोघांनाही एकाच वेळी समजावं म्हणून सरांनी स्वतःची एक कवायतीची बोली तयार केली होती. लाठी फिरवताना पाय चुकला की ते ओरडत, "डावा पग आगळ!" डावा मराठी, पग आणि आगळ गुजराती. डावा पाय पुढे. अख्ख्या बडोद्यात ही आज्ञा असल्या भाषेत देणारा माणूस एकच होता.

आणि ती आज्ञा देण्याची संधी त्यांना फारशी मिळाली नाही, हे मला काकूंकडून कळलं. काकू दुपारी खाली येऊन माझ्याजवळ बसत, भाजी निवडत. म्हणाल्या, "अगं, आयुष्यभर यांचा तास गणिताने खाल्ला. पोर्शन राहिला की दे पीटीचा तास गणिताला. परीक्षा आली, दे गणिताला. हे मैदानावर चुन्याच्या रेघा मारून उभे, आणि मुलं वर्गात. संध्याकाळी आले की मी विचारायची, झाला का तास? हे म्हणायचे, गणिताला गेला. बूट काढायचे आणि गप्प बसायचे."

"भांडले नाहीत कधी?"

"हे? गणिताचे मास्तर मैदानाकडे येताना दिसले की हे आपणच बाजूला व्हायचे."

सर खेळात कसे आले ते सांगते. आमच्या कॅफेत त्या वर्षी एका ऑनलाइन खेळाचं वेड होतं. प्रत्येकाने आपला एक लढवय्या तयार करायचा, राक्षस आणि लांडगे मारून किंवा गावोगाव सामान पोचवून त्याची लेव्हल वाढवायची. लेव्हल वाढली की एक पॉइंट मिळे. तो पॉइंट कशावर खर्च करायचा ते आपण ठरवायचं. तलवार, कुऱ्हाड, भाला, धनुष्य, ढाल, जखमा बऱ्या करणं, पोहणं, अशी लांबलचक यादी होती. एकदा दिलेला पॉइंट परत घेता येत नसे. मुलं त्यावरून तासन्‌तास वाद घालत. त्यांचा म्होरक्या केयूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, तर कॉलेजच्या वहीत आकडेमोड करून येई.

एका दुपारी सर आवाजाची तक्रार करायला खाली आले आणि केयूरच्या मागे उभे राहिले. तो पॉइंट टाकत होता.

"हे काय चाललंय?"

"सर, याला काय शिकवायचं ते ठरवतोय. तलवार का धनुष्य."

"कोण ठरवतं?"

"आपणच, सर."

सर काही वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, म्हणजे मुलाला काय शिकवायचं ते आपण ठरवायचं, आणि शाळा मध्ये बोलत नाही?"

दुसऱ्या दिवसापासून एक नंबरचा कॉम्प्युटर त्यांचा झाला. आपल्या लढवय्याला त्यांना 'सावधान' नाव द्यायचं होतं, पण ते आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं. तेव्हा त्यांनी 'विश्राम' ठेवलं. तलवारी आणि वादळांची नावं घेतलेल्या त्या गर्दीत आमचा विश्राम लाकडी ढाल घेऊन उभा राहिला.

सरांचं एक वाक्य होतं: "आधी वाचायचं, मग मारायचं." मुलांना पहिल्यांदा वाटलं, सर सूचना वाचायला सांगतायत. त्यांना म्हणायचं होतं, आधी स्वतःचा जीव वाचवायला शिका. फरीगदक्याच्या खेळात एका हातात फरी, म्हणजे चामड्याची छोटी ढाल, आणि दुसऱ्यात गदका, म्हणजे तलवारीच्या जागी काठी. सरांच्या मैदानावर मुलाला आधी नुसती फरी मिळे. वार अडवता येऊ लागले की मग गदका. "पहिल्या दिवशी काठी दिली की पोरगं माकड होतं," हे त्यांचं निरीक्षण.

विश्रामचा एक पॉइंट टाकायचा म्हणजे सोहळा असे. पॉइंट मिळाला की सर लगेच खर्च करत नसत. वर जात, आंघोळ करत, काकूंशी बोलत. एकदा काकूच खाली आल्या. "अगं, हे विचारतायत, विश्रामला पोहायला शिकवू का? मी म्हटलं शिकवा बाई, विश्वामित्रीला पूर येतो." त्या खेळात नदी नव्हतीच, निदान विश्राम होता तिथे तरी. पण एक पॉइंट पोहण्यावर गेला.

बाकीचे सगळे गेले फरीवर.

झालं असं, की कौशल्यांच्या यादीत एक शब्द होता: पी-ए-आर-आर-वाय. सरांना इंग्रजी चांगलं वाचता येई, घोटाळा झाला तो त्याच्यामुळेच. वाचता आलं नसतं तर त्यांनी कोणाला विचारलं असतं. त्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला आणि टाळी वाजवली. "फरी! ताई, इकडे या. आपली फरी!"

मी म्हटलं, "सर, पॅरी लिहिलंय."

"अहो, यांनी पुण्याचं पूना केलं, बडोद्याचं बरोडा केलं, तसं फरीचं पॅरी. ढाल नेली ती नेली, नावही नेलं."

मला पटलं. खोटं कशाला बोलू, मला अगदी पटलं. मी घरी जाऊन मिस्टरांनाही सांगितलं.

विश्राम सामान पोचवत राहिला आणि पॉइंटमागून पॉइंट फरीवर पडत गेले. विश्रामच्या हातात शस्त्र नव्हतं, कारण अजून गदक्याची वेळ आली नव्हती. तरी लांडगे त्याला फाडतच होते. सर म्हणत, "कच्चा आहे अजून. आणखी दोन पॉइंट." मग एक दिवस केयूरला राहवलं नाही. त्याने त्या शब्दावर माउस नेऊन खालची बारीक अक्षरं वाचली.

"सर... पॅरी एटले ढाल नहीं. हातातल्या शस्त्राने समोरचा वार अडवणं. तुमच्या हातात शस्त्रच नाही, तर चालणार कसं? ढालीचं स्किल खाली आहे. शील्ड."

सगळे कॉम्प्युटर थांबले. मागून कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सर हसले नाहीत. त्यांनी ती बारीक अक्षरं स्वतः वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"पॉइंट परत मिळत नाहीत ना?"

"ना, सर. पण काही वांधो नाही. हा डिलीट करा, नवीन बनवा. मी मदत करतो. महिनाभरात याच्या पुढे जाल."

"डिलीट म्हणजे?"

"काढून टाकायचा."

सर म्हणाले, "शिकवणाऱ्याचं चुकलं म्हणून पोराचं नाव पटावरून काढायचं?" आणि वर निघून गेले.

दोन दिवस आले नाहीत. मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "विचार चाललाय." तिसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला शिट्टी आणि बूट हजर. त्यांनी विश्रामची पिशवी उघडली. खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक साधी काठी फुकट मिळे. मुलं ती पहिल्या दिवशीच फेकून देत. सरांनी ती विश्रामच्या हातात दिली आणि त्याला लांडग्यांच्या रानात नेऊन उभा केला.

काठी चालवण्यावर एकही पॉइंट नव्हता. त्यामुळे विश्रामचा एक वार लागत नव्हता. पण लांडग्यांचाही लागत नव्हता. लांडगा झेप घेई, काठी आडवी येई, टक्क. पुन्हा झेप, पुन्हा टक्क. माझा हिशेब होऊन काउंटर पुसून झाला तरी दोघं तिथेच. शेवटी लांडगा कंटाळून गेला असावा. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "वाचला की नाही?"

तेव्हापासून विश्राम हा मुलांच्या करमणुकीचा विषय झाला. "सर, आज कोणाला नाही मारलं?" असं ती विचारत. सर म्हणत, "एका अस्वलाला." त्यांना टिंगल कळायची. पण मोहिमेवर निघताना ही मुलं पाच जणांची टोळी करून जात, आणि सर बाजूच्या कॉम्प्युटरवरून जाणाऱ्यांकडे बघत, ते मी काउंटरवरून पाहिलेलं आहे. एकदा त्यांनी केयूरला विचारलंही होतं, "आमच्या विश्रामचा काही उपयोग होईल का तुम्हाला?" केयूर मान खाली घालून म्हणाला होता, "सर, हमणां नहीं." आता नको.

दिवाळीच्या सुट्टीत सयाजीगंजच्या एका कॅफेने आव्हान दिलं. त्यांचे पाच, आमचे पाच. आमच्या ताब्यात एक किल्ला. त्यांनी तो तासाभरात घ्यायचा, नाही घेतला तर आम्ही जिंकलो. रविवारी दुपारी चारला. मी लगेच तयारीची यादी केली: डिझेल, यूपीएसची बॅटरी, पाण्याचा माठ, आणि कोण कुठे बसणार. पाच नावं केयूरने दिली. त्याचं स्वतःचं, खुशबूचं, आणखी दोघांचं आणि पार्थचं. पार्थची तलवार सर्वांत तिखट.

शनिवारी पार्थ तोंड पाडून आला. बारावीला होता. क्लासवाल्यांनी रविवारी जादा तास ठेवला होता.

"कशाचा?" मी विचारलं.

"गणिताचा."

केयूरने दिवसभर फोन केले. सगळे गावाला गेलेले. संध्याकाळी काउंटरला टेकून म्हणाला, "आंटी, कोई नथी मळतुं."

"आहे की. रोज चारला एक नंबरवर उभा असतो."

"सर? सर तो कोईने मारता ज नथी."

"ने मरे छे?" मी विचारलं. आणि मरतात का?

केयूर थांबला. त्याच्या डोक्यात वही उघडलेली मला दिसली. किल्ल्याला एकच दरवाजा, दरवाजाशी बोळ अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. "ना," तो हळूच म्हणाला. "मरता पण नथी."

मी पार्थचं नाव खोडलं आणि सरांचं लिहिलं.

रविवारी सर बूट पांढरे करून वेळेच्या आधी आले. काकूंनी सगळ्यांसाठी शिरा पाठवला होता. चार वाजायला थोडा वेळ असताना दारात सायकल आपटल्याचा आवाज झाला आणि पार्थ धापा टाकत आत आला. "साहेबांनी लवकर सोडलं!"

केयूरने पार्थकडे पाहिलं, मग सरांकडे, मग खाली. आणि सर एक पाऊल बाजूला झाले. कोणी सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. कीबोर्डवरचा हात उचलला, शिट्टी सरळ केली आणि डिरेक्टऱ्यांसमोरची जागा मोकळी करून दिली. मैदानावर किती वेळा तसे झाले असतील कोण जाणे.

"ये, बाळ," ते पार्थला म्हणाले. "तुझाच नंबर आहे."

मी काउंटरच्या मागून बाहेर आले. आयुष्यात कधी कवायत घेतली नव्हती, पण आवाज बरा लागला.

"सर! जागेवर!"

सर चमकले. पाय आपोआप जुळले.

"यादी झालेली आहे," मी म्हटलं. "यादीत नाव तुमचं आहे. पार्थ, तू तिकडे बस आणि शिरा खा. पाठ सरळ."

केयूर हसला. पार्थही हसला, बिचारा. सर जागेवर गेले.

लढाईचं मला फारसं कळत नाही, जे दिसलं ते सांगते. सयाजीगंजवाले जोरदार होते. अर्ध्या तासात आमची बाकीची तीन माणसं आडवी झाली, केयूरसुद्धा. उरली मागे औषध देणारी खुशबू आणि बोळात काठी आडवी धरलेला विश्राम. समोर एकेक येई, टक्क टक्क करी, मागे जाई, दुसरा येई. खुशबू ओरडत होती, "सर, हलू नका!" सर म्हणाले, "मी कुठे हलतोय?"

फरी आपली आपण चालत असल्यामुळे सरांचे हात रिकामे होते. तेवढ्यात सयाजीगंजच्या एका कुऱ्हाडवाल्याने जोरात चाल केली आणि सर अस्वस्थ झाले. त्या खेळात सगळ्यांचे पाय सारखेच पडत, पण सरांना चुकलेलेच दिसायचे. एका बोटाने त्यांनी समोरच्यासाठी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: डावा पग आगळ.

कुऱ्हाडवाला जागीच थांबला. स्क्रीनवर उत्तर उमटलं: सर, तमे?

मग दुसरं: सर, हुं हितेश.

आणि कुऱ्हाड खाली ठेवून तो बोळाच्या तोंडाशी वाकला. त्या खेळात नमस्काराचं बटण होतं हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्यामागे त्याचे साथीदार खोळंबले. आमची मुलं ओरडली, "सरस! वेळ जातोय, सर, बोलत राहा!"

सर भयंकर चिडले. "लढताना नमस्कार करतो, मूर्ख!" ते स्क्रीनवर ओरडले, आणि तेच टाइप करायला लागले. केयूर हात जोडून म्हणाला, "सर, प्लीज, नका सांगू." सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. टाइप झालं: उचल कुऱ्हाड. मार.

हितेशने उचलली आणि सगळा जोर लावून मारली. टक्क. पुन्हा. टक्क. सर प्रत्येक वाराला मोठ्याने म्हणत होते, "हां. असं. पुन्हा." पार्थ शिऱ्याची वाटी घेऊन त्यांच्या मागे उभा होता आणि प्रत्येक टक्कला उडी मारत होता. तासाची घंटा झाली तेव्हा दरवाजा बंद होता आणि विश्रामने त्या दिवशीही कोणाला मारलं नव्हतं.

थोड्या वेळाने हितेश स्कूटरवरून खरोखरच आला, सेव-उसळ बांधून. चांगला तिशीचा, टक्कल पडू लागलेला, सयाजीगंजच्या त्या कॅफेचा मालकच. वाकून नमस्कार केला. "सर, तमारो पीरियड कोई दिवस पूरो मळ्यो ज नहीं," तो म्हणाला. तुमचा तास आम्हाला कधी पूर्ण मिळालाच नाही.

"म्हणूनच तुझा पाय अजून मागे राहतो," सर म्हणाले.

पुढे कॅफे बंद झाला, तिथे आता मी झेरॉक्स आणि स्टेशनरी चालवते. सर आणि काकू पुण्याला मुलाकडे असतात. फोन आला की सर अजून विचारतात, यादी लावली का, शुद्धलेखन बघितलं का. पण मला ते आठवतात त्या रविवारी संध्याकाळी कॅफेच्या पायरीवर बूट सोडताना. मुलं बाहेर ओट्यावर सेव-उसळीवर तुटून पडली होती. वरच्या गॅलरीतून काकूंनी वाकून विचारलं, "अहो, झाला का?"

सरांनी दोन्ही बूट नीट जोडून ठेवले, मग मान वर केली.

"झाला," ते म्हणाले. "पूर्ण झाला."